जुनं पॉवर ऑफ ॲटर्नी हिपाच्या नियमांप्रमाणे कसं बदलून घ्यावं

अमेरिकेत तुमचं किंवा आई-वडिलांचं पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) बरंच जुनं असेल, तर ते काढून एकदा नीट वाचा. हिपा (HIPAA) हा आरोग्य विम्याबाबतचा अमेरिकी कायदा १९९६ चा, पण त्याखालचे वैद्यकीय गोपनीयतेचे नियम बहुतेक डॉक्टर-हॉस्पिटलांना १४ एप्रिल २००३ पासून बंधनकारक झाले. त्याआधीच्या कागदांत या नियमांचा उल्लेख सहसा सापडत नाही.

सगळ्यात जास्त अडचण होते ती व्यक्ती अक्षम झाल्यावरच लागू होणाऱ्या मुखत्यारपत्राची. ते लागू व्हायला डॉक्टरांचा दाखला लागतो. पण मुलगी दाखला मागायला गेली, की डॉक्टर म्हणू शकतात, तुम्ही अजून अधिकृत प्रतिनिधी नाही, माहिती देता येणार नाही. दाखल्याशिवाय अधिकार नाही आणि अधिकाराशिवाय दाखला नाही! म्हणून नव्या कागदात वैद्यकीय माहिती मिळवण्याचा अधिकार सहीच्या दिवसापासूनच लागू होईल, असं कलम घाला. उपचारांचे निर्णय घेण्याचा अधिकार हवा तर नंतरचाच ठेवा.

सोबत वेगळं हिपा संमतीपत्रही करावं, असं माझं मत. कोणती माहिती, कोणी, कुणाला, कशासाठी द्यायची, मुदत कधी संपते आणि संमती लेखी मागे कशी घेता येते, हे त्यात हवंच. खाली सही आणि तारीख. मुदतीसाठी तारखेऐवजी 'मुखत्यारपत्र रद्द होईपर्यंत' असं लिहिलेलंही चालतं. मानसोपचारतज्ज्ञाने स्वतंत्र ठेवलेल्या समुपदेशनाच्या टिपणांना मात्र वेगळी संमती लागते.

फक्त बँक आणि घराचे व्यवहार पाहण्यापुरत्या मुखत्यारपत्रावर उपचारांची फाइल मिळेल, असं गृहीत धरू नका. आरोग्याचा कागद वेगळा असतो. न्यूयॉर्कमध्ये त्याला हेल्थ केअर प्रॉक्सी म्हणतात, टेक्सासमध्ये मेडिकल पॉवर ऑफ ॲटर्नी.

करून देणारी व्यक्ती सज्ञान हवी आणि सही करताना तिला कागदाचा अर्थ कळत असायला हवा. स्मृतिभ्रंश वाढेपर्यंत थांबलात, तर हा रस्ता बंद होतो आणि कोर्टातून त्या व्यक्तीचं पालकत्व (गार्डियनशिप) घ्यावं लागू शकतं. बहुतेक राज्यांत मूल १८ वर्षांचं झालं, की आई-वडिलांचा त्याच्या वैद्यकीय माहितीवरचा आपसूक हक्कही संपतो. कॉलेजला निघालेल्या मुलाकडूनही सही घेऊन ठेवा.

वकिलाकडे जाताना फोटो ओळखपत्र, जुन्या कागदाची मूळ प्रत, प्रतिनिधी आणि पर्यायी प्रतिनिधी यांची पूर्ण नावं-पत्ते-फोन आणि डॉक्टरांची यादी न्या. साक्षीदारांचे नियम राज्यागणिक बदलतात: न्यूयॉर्कमध्ये दोन साक्षीदार लागतात, कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये दोन साक्षीदार किंवा नोटरी. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात प्रतिनिधीला स्वतः साक्षीदार होता येत नाही.

जुनं मुखत्यारपत्र लेखी रद्द करा आणि ज्यांच्याकडे त्याची प्रत होती त्यांना कळवा. नव्याची प्रत डॉक्टर आणि हॉस्पिटलच्या फाइलमध्ये आधीच लावून घ्या. सगळं रीतसर असूनही कुणी माहिती अडवली, तर संघराज्य आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते.