हेव्यावरचा उतारा : आरंभीच्या मंडळीचा अनुभव

‘प्रीती हेवा करत नाही’ हे येशूचा प्रेषित पौल याचे वाक्य ख्रिस्ती लग्नविधीत इतक्या वेळा कानी पडते की, ते मुळात कृपादानांवरून, म्हणजे देवाकडून मिळालेल्या आत्मिक देणग्यांवरून, चढाओढ करणाऱ्या करिंथ या ग्रीक शहरातील मंडळीला (ख्रिस्ती समुदायाला) लिहिले होते, याचा विसर पडतो. पुढे इ. स. 96 च्या सुमारास त्याच करिंथात मंडळीच्या काही वडिलांना (पुढाऱ्यांना) पदावरून दूर करण्यात आले, तेव्हा रोमच्या मंडळीने पाठवलेल्या आणि क्लेमेंतच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्राने या भांडणाचे मूळ हेव्यात शोधले. भावाला मारणारा काइन, योसेफाचे भाऊ, दावीदाच्या पाठीस लागलेला शौल राजा असे बायबलमधील हेव्याचे दाखले देत ते पेत्र व पौल यांच्या छळापर्यंत येते. या पत्रातला सर्वांत बोलका तपशील मात्र बराच पुढे आहे : आपल्यातील कित्येकांनी स्वतःला गुलाम म्हणून विकून त्या पैशांतून इतरांना जेवू घातले, असे रोमकर पदासाठी झगडणाऱ्यांना सांगतात.

तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप (मंडळीचा प्रमुख) सिप्रियन याने हेव्यावर स्वतंत्र लेखच लिहिला. त्याची निवड काही वडिलांना मान्य नव्हती, त्यामुळे विषय त्याच्या परिचयाचा होता. त्याच दशकात शहरात महामारी पसरली असता त्याने ख्रिस्तेतर रुग्णांचीही सेवा करण्यास मंडळीला उभे केले.

चौथ्या शतकातील कैसरियाचा (आजच्या तुर्कस्तानातील) बिशप बेसिल अधिक सावध होता. खाऊ घातल्याने कुत्रा माणसाळतो, पण हेवेखोर उपकाराने उलट अधिकच चिडतो, असे त्याने एका प्रवचनात म्हटले. म्हणून धन व कीर्ती यांना मुळात मोठे मानूच नये, हा त्याचा उपाय. स्वतः त्याने दुष्काळात अन्नवाटप केले आणि शहराबाहेर रुग्ण व गरिबांसाठी मोठा आश्रम उभारला.

षड्रिपूंत मत्सर मोजणाऱ्या मराठी वाचकाला नवल वाटेल, पण वाळवंटातील संन्यासी इव्हाग्रियसच्या आठ कुविचारांच्या यादीत हेवा नव्हता. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी याने तो मुख्य पापांत घातला. हेवेखोरांना कसे समजवावे, हे पाळकांना सांगताना त्याने मंडळी हे एक शरीर आहे, हा पौलाचाच दृष्टान्त घेतला : पाय डोळ्यांच्या योगे पाहतात आणि डोळे पायांच्या योगे चालतात, त्याप्रमाणे दुसऱ्यातील जे आपल्याला साधत नाही, ते त्याच्यात प्रिय मानले की आपलेच होते.