अरबी समुद्राचा रंग आणि पाषाणची गणितं

पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात ताजी तारली मिळाली, तर साफ करण्याआधी तिचा कल्ला उचलून बघा. लाल झालरीच्या आत बारीक दातांची एक फणी दिसते. या फणीतून पाणी गाळून तारली पोट भरते, बांगडाही तेच करतो. गाळणीत अडकतात ते प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे जीव. त्यातले वनस्पतीप्लवक उन्हावर अन्न तयार करतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मं त्यांच्याकडूनच होतं.

‘प्लँक्टन’ हा शब्द जर्मनीच्या व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ साली रूढ केला. त्यानंतर कितीतरी वर्षं यांची मोजदाद जाळ्यानेच होत राहिली. १९३१पासून ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांचं यंत्र व्यापारी जहाजांच्या मागे ओढलं जाऊ लागलं. आतल्या रेशमी पट्टीवर प्लवक अडकत जायचे. आपल्याकडे हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम १९६५पर्यंत चालली. तिचे नमुने कोचीत निवडले गेले आणि १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. पण जहाज ज्या रेषेवरून जाईल तेवढाच समुद्र कळायचा, बाकी नकाशा कोराच.

तो भरायला सुरुवात झाली १९७८मध्ये. निंबस-७ उपग्रहावर समुद्राचा रंग मोजणारं उपकरण गेलं. स्वच्छ खोल समुद्र निळा दिसतो. वनस्पतीप्लवकांतलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषतं आणि पाणी हिरवट होतं. निळ्या-हिरव्याच्या या प्रमाणावरून हरितद्रव्याचा अंदाज बांधतात. ऐकायला सोपं आहे, पण उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला सुमारे ९० टक्के भाग हवेतूनच विखुरलेला असतो. तो वजा केल्यावर हाती उरतो तो समुद्र.

हे उपकरण १९८६मध्ये बंद पडलं आणि पुढची दहा वर्षं त्याची जागा घेणारं काहीच वर गेलं नाही. १९८७ हे एल निनोचं वर्ष, आपल्याकडे भीषण दुष्काळाचं. त्या वर्षी अरबी समुद्राचा रंग कसा होता, याचा उपग्रही नकाशा कुणाकडेच नाही. मला ही पोकळी आजही फार लागते, कारण प्लवक वाढले की घटले, हे पुढचे सगळे वाद तिथे येऊन अडतात. सलग नोंद सुरू झाली ती १९९७मध्ये, सीविफ्स या अमेरिकी उपकरणापासून. १९९९ साली इस्रोचा ओशनसॅट-१ गेला आणि ३६० मीटरच्या बारकाईने आपला किनारा आपल्याच डोळ्यांनी दिसू लागला.

हरितद्रव्य ‘किती’ हे सांगतं, ‘कोण’ हे सांगत नाही. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटम या काचेच्या कवचाच्या वनस्पतीप्लवकांचा बहर यायचा. गेल्या दोन-अडीच दशकांत तिथे हिरवा नॉक्टिल्युका हा एकपेशीय प्लवक माजू लागला. कोकणात रात्री लाट निळी चमकते ती बरेचदा नॉक्टिल्युकामुळेच. हा जीव पोटात हिरवं शेवाळ बाळगतो, वर डायटमही खातो. नुसत्या हरितद्रव्याच्या नकाशात दोन्ही बहर सारखेच हिरवे दिसतात, माशांच्या ताटात मात्र ते एक नाहीत. म्हणून अलीकडे रंगाच्या बारीक छटांवरून प्लवकांचे गट ओळखण्याची धडपड चालते. २०२४ साली नासाने सोडलेला पेस उपग्रह याचसाठी शेकडो छटा टिपतो.

दुसरी वाट गणिताची. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ गॉर्डन रायली यांनी १९४६ सालीच ऊन, पोषक क्षार आणि चरणारे प्राणीप्लवक यांचं समीकरण मांडलं होतं. २००७मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने संगणकातल्या समुद्रात ७८ प्रकारचे वनस्पतीप्लवक सोडले आणि कोण कुठे टिकतो ते पाहिलं. त्यातून उमटलेले समुदाय प्रत्यक्षाशी बरेच जुळले. आपल्याला तर अशा प्रारूपांची (मॉडेल्सची) गरज जास्तच आहे. अरबी समुद्र सर्वाधिक सुपीक होतो तो मान्सूनमध्ये, वाऱ्याने सोमालिया-ओमानकडचं खोल पाणी वर येतं तेव्हा. आणि नेमके त्याच महिन्यांत ढग उपग्रहाची नजर अडवतात. सिंहगडावर पाऊस कोसळत असतो तेव्हा हा नकाशा सर्वात फाटका असतो.

इथे पुणं येतं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मान्सूनच्या अभ्यासाला समुद्राचं गणित लागतंच. २००५मध्ये एका अभ्यासाने म्हटलं होतं, की पश्चिम अरबी समुद्रात सात वर्षांत उन्हाळी हरितद्रव्य ३५० टक्क्यांहून जास्त वाढलं: युरेशियात बर्फ घटलं, मान्सूनचे वारे जोरावले. २०१६मध्ये याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या नोंदी आणि प्रारूपं एकत्र ठेवली, आणि चित्र उलटं निघालं. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतीप्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले होते. वरचं पाणी तापून हलकं झालं, की खालच्या थंड पाण्यातले पोषक क्षार वर येत नाहीत.

पहिल्या अभ्यासाला मी चूक म्हणणार नाही; त्यांच्या हातात जेवढी वर्षं होती तेवढ्यांत वाढच दिसत होती. २०१०च्या एका विश्लेषणानुसार हवामानबदलाचा कल नैसर्गिक चढउतारांपासून वेगळा काढायला सुमारे ४० वर्षांची सलग नोंद हवी. १९९७पासून मोजलं, तर ती २०३७मध्ये पुरी होईल, मधे एकही उपग्रह चुकला नाही तर.