बी पेरलेलं शुभेच्छापत्र

कार्ड वाचून झालं की फाडून कुंडीत पुरा, पाणी घाला, रोपं येतील. अशी सूचना छापलेली शुभेच्छापत्रं आणि लग्नपत्रिका आता बऱ्याच घरांत येऊ लागल्या आहेत. बी मातीत उगवतं, यात नवल काही नाही. पण कागद तयार होत असताना तेच बी पाण्यात चिंब भिजलेलं असतं. मग ते तेव्हाच का उगवत नाही?

आधी कागदाकडे पाहू. चांगला हातकागद बहुतेकदा होजिअरीच्या सुती चिंध्यांचा बनतो. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. चिंध्या बारीक कापून पाण्यात इतक्या कुटतात की धाग्यांचे तंतू सुटे होतात आणि त्यांच्या कडांना लव फुटल्यासारखी होते. हा लगदा हौदात सोडला की शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग तरी पाणीच असतं. जाळीचा साचा त्यात बुडवून वर उचलायचा, पाणी खाली निथळतं आणि तंतूंचा पातळ थर जाळीवर बसतो. तो वाळत जातो तसे सेल्युलोजचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. गोंद लागत नाही. हेच बंध पाणी मिळालं की सैल पडतात, म्हणून कार्ड कुंडीत विरघळल्यासारखं सुटं होतं.

महाराष्ट्राला हातकागद नवा नाही. जुन्नरचा कागद एकेकाळी नावाजलेला होता, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या कागद बनत आला आहे आणि पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. जुने कारागीर कागदाला खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे शाई फुटत नसे. बियांच्या कागदाला हे दोन्ही वर्ज्य. घोटला तर बी चिरडतं, आणि जाड खळ दिली तर कागद पाणी लवकर पीत नाही. त्यामुळे या कार्डावर फाउंटन पेनाने लिहिलं तर अक्षर थोडं पसरतं. ते पसरू द्यावं, त्याला कारण आहे.

आता बी. कोरड्या बीला पाणी मिळालं की पहिले काही तास ते पाणी नुसतं शोषून घेतं. मेलेलं बीसुद्धा हे करतं. मग शोषण मंदावतं आणि आत खरी लगबग सुरू होते: श्वसन वाढतं, डीएनएची डागडुजी होते, साठवलेलं अन्न मोकळं होऊ लागतं. तिसऱ्या टप्प्यात मुळांकुर बीजावरण फोडून बाहेर येतो. यातली गोम अशी की मुळांकुर बाहेर पडेपर्यंत बी पुन्हा वाळवलं तरी सहसा जिवंत राहतं. एकदा मूळ फुटलं की ती सोय संपली, मग वाळवणं म्हणजे मरण. बी रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून पेरणारा शेतकरी याच फटीचा उपयोग करतो.

बीजकागदाची सगळी कारागिरी या फटीत मावते. बी हौदात घालून ठेवत नाहीत. कागदाचा थर उचलल्यावर त्यावर भुरभुरतात, वर लगद्याचा आणखी एक पातळ पापुद्रा देतात आणि शक्य तितक्या लवकर वाळवतात. मात्र आच देऊन नाही. ओलं बी उष्णता सोसत नाही, म्हणून सावली आणि खेळती हवा. आषाढात हवाच ओली असते, कागद दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ताव उलटून पाहावा तर पांढऱ्या मुळ्या बाहेर डोकावत असतात.

तुळशीचं बी या कामाला फार छान. फालुद्यातला सब्जा आठवा, तोही तिच्याच कुळातला. पाणी लागताच काही मिनिटांत काळपट दाण्याभोवती करड्या-पांढऱ्या बुळबुळीत आवरणाचा फुगा येतो. हे आवरण तंतूंना चिकटतं आणि वाळलं की दाणा कागदात घट्ट बसतो. झेंडूचं बी लांबट, काडीसारखं. ते तावातून टोचत बाहेर येतं, पण उगवतं भरवशाने. आंबा-फणसाचं बी मात्र चालणारच नाही. आकाराचा प्रश्न आहेच, शिवाय ते बी वाळवलं की मरतं.

बारीक बियांपैकी कित्येकांना उगवायला उजेड लागतो. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली लेट्यूसच्या बियांवर दाखवून दिलं की लाल प्रकाशाने बी उगवतं आणि त्यापलीकडच्या अतिलाल प्रकाशाने पुन्हा थांबतं. बीमधलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य हा निवाडा करतं. कार्ड चार बोटं खोल पुरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, त्याचं एक कारण हे. दुसरं म्हणजे बारीक बीजवळ इतकी माती फोडून वर येण्याएवढी शिदोरीच नसते. कार्डाचे तुकडे करून भिजवावेत, मातीवर पसरावेत आणि वर माती जेमतेम भुरभुरावी.

‘रानफुलांचं बी’ असं छापलेलं कार्ड हाती आलं की मला काळजी वाटते. रान कुठलं? युरोप-अमेरिकेत तिथल्या कुरणांतल्या फुलांचं मिश्रण वापरतात, ते तिथे ठीक. मूळचा मेक्सिकोतला, बागेसाठी आणलेला कॉसमॉस आज पुण्याच्या आसपास रस्त्याकडेला आणि टेकड्यांवर आपोआप वाढताना दिसतो. गाजरगवत आणि घाणेरी यांनी काय केलं ते आपण पाहतोच आहोत. बाहेरून आलेलं, भराभर बी टाकणारं फूल हजारो पत्रिकांतून गावोगाव पाठवणं मला अजिबात मान्य नाही. पण म्हणून कासच्या पठारावरून बी गोळा करणंही चूकच. कातळावरच्या बोटभर मातीत, पावसाच्या वेळापत्रकावर जगणारी ती झाडं कुंडीतल्या खतावलेल्या मातीत रमत नाहीत, आणि पठाराची बी-पेढी मात्र रिकामी होते. आपला तेरडा घ्या. कोकणात गौरी म्हणून पूजला जाणारा, हात लागताच तडकणाऱ्या बोंडांचा. त्याचं गोल, बारीक बी कागदात सहज बसतं. तुळस, राजगिरा, मेथी, नाचणीही चालेल.

बी कागदात बसलं तरी त्याचं वय थांबत नाही. बियाणं साठवणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे: बीमधली ओल एक टक्क्याने कमी केली की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान पाच अंशांनी उतरवलं तरी तेच. कागद हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून पावसाळाभर उघड्या कपाटात राहिलेलं कार्ड दिवाळीला रुसतं. हवाबंद डब्यात, थंड जागी ठेवलं तर टिकतं.

पत्रिका छापून घेणाऱ्यांनी ऑर्डरआधी एक ताव मागून घ्यावा. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून शेतकरी उगवण तपासतात आणि सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरणीयोग्य मानतात. तशीच तावाची चाचणी करावी: दिसणारे दाणे मोजायचे, तुकडे ओल्या फडक्यात ठेवायचे, आठ-दहा दिवसांनी कोंब मोजायचे. आणि कार्डाच्या मागे बीचं नाव व कागद बनवल्याचा महिना छापायला सांगावं.