घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा
घरातल्या ज्येष्ठांच्या विसरभोळेपणाबद्दल, आमच्या मदतनीस सेवेच्या ग्राहकांसाठी

सांगली, मिरज, कुपवाडात ज्यांच्या घरी आमचे मदतनीस येतात, त्यांच्याकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो: "आण्णा तेच तेच विचारतात, हे वयामुळे की आणखी काही?" त्यात कागदावर घड्याळ काढायची चाचणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. कुणीतरी ती रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर करायला लावतं आणि सकाळी घाबरून आम्हाला फोन करतं.

चाचणी खरी आहे. डॉक्टर ती पुष्कळ वर्षं वापरत आले आहेत. पण तिच्यातून आजाराचं नाव कळत नाही. डॉक्टरांना दाखवायची गरज आहे का, एवढाच अंदाज येतो.

कशी करायची

सकाळची वेळ घ्या. चहा-नाश्ता झालेला असावा, चष्मा डोळ्यांवर आणि श्रवणयंत्र असेल तर कानात असावं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसवा, मनगटी घड्याळ आणि मोबाइल बाजूला ठेवा. रेघा नसलेला कोरा कागद आणि पेन्सिल द्या. मग सांगा: "एक मोठं गोल काढा. त्यात घड्याळाचे सगळे आकडे घाला. आता काटे काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." सूचना पुन्हा सांगितली तर चालते, हात धरून दाखवायचं मात्र नाही. नातवंडांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत पाठवा. "आजी, तिकडे नाही, इकडे!" असं एकदा ओरडलं की चाचणी संपली.

हीच वेळ का, असं बरेच जण विचारतात. "दहा मिनिटं" ऐकलं की हात सरळ १० या आकड्याकडे जायला बघतो. तो मोह आवरून काटा २ वर न्यायचा, तर वाक्य लक्षात ठेवावं लागतं, मिनिटांचा हिशेब करावा लागतो आणि आधी सुचलेलं उत्तर बाजूला सारावं लागतं. शिवाय एक काटा घड्याळाच्या डाव्या अर्ध्यात येतो, दुसरा उजव्या.

गोल वाकडं आलं, अक्षर कापरं आलं, याला महत्त्व देऊ नका. काट्यांची लांबी चुकली तरी काही पद्धतींत गुण जात नाहीत. पाहायचं ते वेगळं. समजा, हळदीच्या अडतीवर आयुष्यभर हिशेब लिहिलेले आण्णा १२ पासून सुरुवात करतात, आकडे दाटीदाटीनं लिहीत जातात आणि ६ च्या जागेवर येईपर्यंत त्यांचे बाराही आकडे संपलेले असतात. डावी बाजू रिकामीच. किंवा काटे १० आणि ११ कडे जातात. किंवा काटे न काढता मध्येच "११:१०" लिहून कागद परत देतात. असं काही दिसलं तर तो कागद तारीख घालून जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

उलट, घड्याळ सुबक आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, सुरुवातीच्या काळात स्मरणशक्ती ढासळलेली असते आणि चित्र तरीही नीट येऊ शकतं. म्हणूनच मिनी-कॉग या छोट्या चाचणीत आधी तीन शब्द सांगतात, मग घड्याळ काढायला लावतात आणि त्यानंतर ते शब्द विचारतात. प्रत्येक शब्दाला १ गुण, बरोबर घड्याळाला २. पाचपैकी ३ पेक्षा कमी आले तर पुढची तपासणी करून घ्यावी, असं मानतात.

शाळेत न गेलेल्या आजी

इथे आमचं मत स्पष्ट आहे: ज्यांनी आयुष्यात पेन्सिल धरली नाही, त्यांना ही चाचणी देऊच नका. चुकीचं घड्याळ येईल, ते शाळेमुळे की मेंदूमुळे हे कळणार नाही, आणि आजींना चारचौघांत ओशाळं वाटेल ते वेगळंच. निरक्षर ज्येष्ठांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. त्यातली एक १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी हिंदीत तयार झाली. घरी मात्र रोजच्या वागण्याकडे लक्ष द्या. पुरणाचा क्रम चुकतो का, भाजीवाल्याकडून सुट्टे पैसे बरोबर घेतात का, नेहमीच्या गल्लीत वाट चुकतात का? आणि हे वर्षभरापूर्वी असंच होतं का?

डॉक्टरकडे जाताना

६० वर्षांपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के असल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात दिसलं. म्हणजे विसरणारा प्रत्येक जण त्यात नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं यांमुळेही माणूस हरवल्यासारखा वागतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. त्यामुळे घरातली गोळ्यांची सगळी पिशवी सोबत न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांसकट. सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी चालेल. ते गरजेप्रमाणे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील.

एक अपवाद. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा पडून डोक्याला मार लागला असेल, तर कागद-पेन्सिल शोधत बसू नका. लगेच दवाखान्यात न्या.

आमच्याकडून काय मिळेल

घरच्यांनी सांगितलं आणि ज्येष्ठांची स्वतःची तयारी असली, तरच आमचा प्रशिक्षित मदतनीस ही चाचणी घेतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. तो गुण सांगत नाही, निदान तर मुळीच नाही; मूळ कागद तुमच्या हाती देतो, फोटो काढत नाही. दर आठवड्याला करा, असा आग्रह धरू नका, सरावानं घड्याळ पाठ होतं. त्या दिवशी ताप असेल किंवा रात्री झोप झाली नसेल, तर सकाळी नऊच्या आत कळवा, दुसरा दिवस ठरवू.