फिग्नरच्या खरखरणाऱ्या रेकॉर्ड्स आणि त्यामागचा माणूस

निकोलाय फिग्नरची 1901 ची रेकॉर्ड कुणी पहिल्यांदा ऐकवली की नवीन माणसाचा चेहरा पडतो हे मी बऱ्याचदा बघितलंय. मागे डबड्यात वाजवल्यासारखा पियानो, वर सतत खरखर, आणि आवाज म्हणाल तर कोरडा, थोडा घोगराच. हाच तो झारच्या रशियातला सगळ्यात मोठा टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा ऑपेरा गायक? तर हो, हाच. पण त्यासाठी जरा मागं जायला लागतं.

माणूस मुळात नौदलातला. 1857 चा जन्म, कझानकडचं खानदानी घर, नेव्हीत अधिकारी झाला, मग 1881 च्या सुमारास नोकरी सोडून गाण्याच्या नादी लागला. पीटर्सबर्गमध्ये थोडं शिकला पण तिथं फारसं कुणी हिंग लावून विचारलं नाही, म्हणून इटली गाठली आणि 1882 मध्ये नेपल्सला स्टेजवर उभा राहिला. तिथून एका इटालियन कंपनीबरोबर दक्षिण अमेरिका.

आता इथला किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. 30 जून 1886, रिओ, 'आयडा'चा प्रयोग. कंडक्टरवरून, म्हणजे वाद्यवृंदाचं संचालन करणाऱ्यावरून, राडा झालेला, पब्लिक आरडाओरडा करतंय, शेवटी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवणाऱ्या 19 वर्षांच्या पोराला ढकललं पुढं आणि त्यानं अख्खा ऑपेरा पाठ कंडक्ट केला. तो पोरगा म्हणजे पुढं जगप्रसिद्ध कंडक्टर झालेला आर्तुरो तोस्कानिनी. आणि त्या रात्रीचा रादामेस, म्हणजे 'आयडा'चा नायक, होता फिग्नर. नुसतं टाळ्या वाजवून तो थांबला नाही, परत आल्यावर शब्द टाकला आणि त्याच वर्षी तूरीनला कातालानीच्या 'एदमेआ' या ऑपेरासाठी तोस्कानिनीला काम मिळालं.

1887 मध्ये फिग्नर पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरला आला, सोबत फ्लॉरेन्सची गायिका मेडिया मेई. 1889 ला दोघांचं लग्न झालं आणि पुढची दहाबारा वर्षं शहर या जोडीनं वेडं केलं होतं. संगीतकार चायकोव्हस्कीनं 1890 मध्ये फ्लॉरेन्सला बसून 44 दिवसांत 'क्वीन ऑफ स्पेड्स' हा ऑपेरा लिहिला तो नायक हर्मनसाठी फिग्नर डोळ्यांसमोर ठेवून, डिसेंबरच्या पहिल्या प्रयोगात हर्मन हा आणि नायिका लीझा मेडिया. गंमत म्हणजे शेवटच्या अंकातलं जुगाराचं गाणं उंच पडतंय म्हणून यानं पट्टी खाली मागितली, आणि चायकोव्हस्कीनं दिलीही! 1893 ची सहा गाणी, ओपस 73, तीसुद्धा त्यालाच अर्पण.

आवाज गोड नव्हता हे तेव्हाही सगळे मान्य करायचे. त्याची खरी कमाई म्हणजे शब्द उच्चारण्याची पद्धत, अभिनय, स्टेजवरचा रुबाब. दाढीमिशीचा इतका लळा की भूमिका कुठलीही असो, बऱ्याच फोटोंत ती तशीच.

घरची गोष्ट त्याहून नाट्यमय. सख्खी बहीण वेरा फिग्नर, झार अलेक्झांडर दुसरा याला बॉम्बनं उडवणाऱ्या 'नारोदनाया वोल्या' या क्रांतिकारी संघटनेच्या कार्यकारी समितीतली. 1884 ला फाशीची शिक्षा, मग ती जन्मठेपेवर आली, आणि वीस वर्षं श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात. बहीण कोठडीत, भाऊ थोड्याच अंतरावरच्या राजधानीत 'हिज मॅजेस्टीचा सोलोइस्ट', म्हणजे झारचा खास गायक, तेही मारल्या गेलेल्या झारच्याच घराण्याच्या दरबारात.

1901 ला ग्रामोफोन कंपनीनं नवराबायकोला रेकॉर्डिंगच्या कर्ण्यापुढं (माइक तेव्हा नव्हते) उभं केलं तेव्हा फिग्नर 44 चा, आवाज उतरणीला लागलेला. मोठ्या गायकांसाठी वेगळं लाल लेबल लावून जास्त किंमत घ्यायची टूम रशियातूनच निघाली, त्यात ही जोडी होती आणि तरुण बास गायक शल्यापिनही. (याच कंपनीचा रेकॉर्डिंग करणारा फ्रेड गैसबर्ग रशियाच्या फेऱ्या मारून पुढं 1902 ला कलकत्त्याला आला आणि गौहरजानची रेकॉर्डिंग केली.) आता बघा, कर्णा अभिनय पकडत नाही, रुबाब पकडत नाही, पकडतो फक्त आवाज, म्हणजे फिग्नरकडं जे सगळ्यात कमी होतं नेमकं तेच. त्याच्यानंतरचा रशियन टेनर सोबिनोव्ह, त्याचा हलका, नितळ आवाज त्याच कर्ण्यातून मस्त येतो, म्हणून आज लोकांना सोबिनोव्ह मोठा वाटतो, फिग्नर नाही. माझ्या मते हा सरळ सरळ अन्याय आहे.

त्यात स्पीडचा घोळ. 'सेव्हंटी एट' म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्या असं म्हणतात पण त्या काळात प्रत्येक रेकॉर्डिंग वेगळ्या वेगानं व्हायचं, 73-74 फेऱ्यांची तबकडी 78 वर लावली की गाणं अख्खा अर्धा स्वर वर जातं आणि आवाज पातळ, चिरका होतो. मूळ पट्टी बघून स्पीड जुळवावा म्हटलं तर हा बाबा पट्टी खाली घेणारा, मग मूळ पट्टी धरायची कुठली? म्हणजे ऑनलाइन फिरणाऱ्या काही फाइल्समध्ये त्याचा आवाज निव्वळ चुकीच्या स्पीडमुळंही विचित्र लागत असेल.

पुढचं थोडक्यात. 1904 ला घटस्फोट, 1907 ला मारिन्स्कीशी संबंध संपला, मग पीटर्सबर्गच्याच नारोदनी दोममध्ये (लोकांसाठीच्या सांस्कृतिक केंद्रात) ऑपेरा चालवला, आणि डिसेंबर 1918 मध्ये क्रांतीच्या धामधुमीत कीवमध्ये वारला. वेरा सुटली आणि 1942 पर्यंत जगली. मेडिया पॅरिसला 1952 मध्ये वारली, चायकोव्हस्कीची पहिली लीझा, तोवर बाजारात एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या नव्या तबकड्या, येऊन चार वर्षं झाली होती.