वीर्य ‘धुण्याची’ भानगड: एचआयव्ही असलेल्या पुरुषांच्या बाप होण्यामागची पार्श्वभूमी

जुनाट व्हायरल इन्फेक्शन आणि पुरुषांची प्रजननक्षमता म्हटलं की हिपॅटायटिस बी, सी पण येतात. सीच्या जुन्या कोर्समध्ये रिबाविरिन हे गर्भाला घातक ठरू शकणारं औषध असायचं, म्हणून औषध संपल्यावरही सहा महिने चान्स घेऊ नका असं सांगायचे, नवीन गोळ्या आल्या आणि तो विषय बऱ्यापैकी मागे पडला. एचआयव्हीचं तसं नाही. तिथे शुक्राणूंची हालचाल मंदावते वगैरे आहेच, पण खरी अडचण काउंटची कधीच नव्हती, बायकोला लागण न होता मूल कसं होणार ही होती. सुरुवातीच्या वर्षांत सल्ला एकच, कंडोम वापरा आणि मुलाचं विसरा.

1990 मध्ये अमेरिकेत हिमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आजार) आणि एचआयव्ही असलेल्या एका माणसाच्या बायकोला, त्याचंच वीर्य लॅबमध्ये प्रोसेस करून इन्सेमिनेशन केल्यावर, म्हणजे नळीने गर्भाशयाकडे सोडल्यावर, एचआयव्ही झाला. तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने लगेच सांगून टाकलं की एचआयव्ही असलेल्या पुरुषाचं वीर्य यासाठी वापरूच नका. एका केसवरून! आता तेव्हाची भीती बघता ते समजू शकतं, औषधं धड नव्हती, पण पुढे जे झालं ते समजत नाही.

कारण साधारण त्याच काळात इटलीत मिलानला एक डॉक्टर हेच काम करत होते आणि 1992 मध्ये त्यांनी 29 बायकांचा अनुभव छापला, एकीलाही लागण नाही. पद्धत अशी की वीर्य एका दाट द्रावावर ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये (जोरात गरगर फिरवणाऱ्या मशीनमध्ये) फिरवायचं, तळाशी शुक्राणू बसतात, वरचा द्रव आणि पांढऱ्या पेशी काढून टाकायच्या, मग ताज्या मीडियममध्ये (शुक्राणूंसाठीच्या पोषक द्रवात) जे शुक्राणू स्वतः पोहत वर येतील तेवढेच घ्यायचे. व्हायरस मुख्यतः त्या द्रवात आणि पांढऱ्या पेशींत असतो. पुढे तयार सॅम्पलचा थोडा भाग पीसीआरला (व्हायरस शोधणाऱ्या टेस्टला) पाठवून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरच वापरायची पद्धत पडली.

याला नाव पडलं स्पर्म वॉशिंग, आणि माझ्या मते निम्मा घोळ या नावानेच केला. धुणं म्हटलं की आपल्याला वाटतं शुक्राणूला व्हायरस चिकटलाय आणि तो खरवडून काढायचाय, मग ‘नीट धुतलं गेलं नाही तर?’ ही शंका आलीच. प्रत्यक्षात हे सुपात पाखडण्याच्या जास्त जवळ जातं, दाणा वेगळा आणि फोलपट वेगळं. पण धुण्याचीच भाषा रुळली, ती पेशंटच्या डोक्यात बसली आणि डॉक्टरांच्याही.

2007 पर्यंत युरोपातल्या आठ केंद्रांचे एकत्र आकडे आले, 1036 जोडपी, 3390 सायकल (म्हणजे उपचाराचे प्रयत्न), लागण शून्य. अमेरिकेतली नकाराची शिफारस तरीही जागची हलली नाही. 2008 च्या जानेवारीत स्वित्झर्लंडच्या तज्ज्ञांनी त्याच्याही पुढचं सांगितलं, औषधं नियमित चालू, सहा महिने व्हायरस तपासणीत दिसत नाही, दुसरा कुठला गुप्तरोग नाही, तर असा माणूस संबंधातून लागण देत नाही. म्हणजे पाखडायचीही गरज नाही! त्यावर बरीच आरडाओरड झाली, पण 2011 ला मोठ्या चाचणीत लवकर औषध दिल्याने लागण 96 टक्क्यांनी घटलेली दिसली (त्या चाचणीत पुण्यातली जोडपी पण होती) आणि 2016 च्या युरोपियन अभ्यासात कंडोमशिवायच्या जवळपास 58 हजार संबंधांतून जोडीदाराकडून एकही लागण निघाली नाही. अमेरिकेने ती शिफारस बदलली 2017 मध्ये. जी बाई 1990 ला पंचविशीत होती ती तोवर बावन्न वर्षांची झालेली.

आपल्याकडे सरकारी मोफत औषधं एप्रिल 2004 पासून. पण व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती हे मोजणारी टेस्ट) आधी फक्त औषध लागू पडत नाही अशी शंका असली तरच करायचे, सगळ्यांसाठी नियमित टेस्ट 2018 ला सुरू झाली. तोवर ‘व्हायरस दिसत नाही’ हे बहुतेकांना कागदावर दाखवताच यायचं नाही, मग बाळाचा विषय डॉक्टरकडे काढणार कुठल्या तोंडाने.

आणि त्यात एआरटी. एचआयव्हीच्या गोळ्या म्हणजे एआरटी (अँटिरेट्रोव्हायरल थेरपी), टेस्ट ट्यूब बेबी वगैरे म्हणजे पण एआरटी (असिस्टेड रिप्रॉडक्टिव्ह टेक्नॉलॉजी), 2021 चा कायदा दुसऱ्या एआरटीचा. दोन्हींची गरज असलेलं जोडपं चिठ्ठी घेऊन मोठ्या हॉस्पिटलच्या गेटवर उभं राहतं आणि वॉचमन सगळ्या रांगेसमोर विचारतो, कुठलं एआरटी, गोळ्यांचं का बाळाचं?