मोल वेगळे, पात्रता वेगळी

'गर्वाचे घर खाली' हे आपल्याला इतक्या लहानपणी शिकवतात की पुढे कुणी कामाची स्तुती केली तरी 'छे, त्यात काय एवढं' असेच तोंडून निघते. अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या बायकांच्या मनावरही अशीच एक शिकवण आहे. १९८९ साली त्यांच्या चर्चचे अध्यक्ष एझ्रा टाफ्ट बेन्सन यांचे गर्वाविरुद्धचे भाषण खूप गाजले. अडचण भाषेची आहे. गर्व आणि अभिमान, दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द.

मानसशास्त्राने हा फरक मोजला आहे. जेसिका ट्रेसी आणि रिचर्ड रॉबिन्स यांनी २००७ मध्ये दाखवले की 'मी कष्ट घेतले म्हणून जमले' आणि 'मी आहेच तशी' या दोन वेगळ्या भावना आहेत. पहिलीत श्रेय प्रयत्नाला जाते, दुसरीत स्वभावाला. पहिली भावना माणसे जोडणाऱ्या स्वभावासोबत आढळते, दुसरी आक्रमकतेसोबत.

पण मला खरे वेड लावले ते मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर यांच्या कामाने. स्वतःची किंमत किती वाटते यापेक्षा ती कशावर टांगली आहे, हे त्यांनी विचारले. त्यांच्या प्रश्नावलीत अशा सात खुंट्या आहेत: इतरांची पसंती, रूप, स्पर्धा, अभ्यास, कुटुंबाचा आधार, सदाचार आणि देवाचे प्रेम. पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांचा स्वाभिमान त्यांनी ठरलेल्या दिवशी आणि निकालाचे पत्र येईल त्या दिवशी मोजला. होकार आला की तो वर, नकार आला की खाली. ज्यांची किंमत अभ्यासाच्या खुंटीवर टांगलेली, त्यांचे हेलकावे सर्वांत मोठे. म्हणजे स्वाभिमानाच्या सरासरी पातळीइतकीच त्याची अस्थिरताही महत्त्वाची, आणि ती अस्थिरता खुंटीची निवड व त्या दिवसाची घटना यांच्या गुणाकारातून येते. आरशासमोर 'मी श्रेष्ठ आहे' असे रोज घोकायला सांगणारे व्हॉट्सॲप-गुरू पातळीच्या मागे असतात; खुंटीला ते हातच लावत नाहीत.

मॉर्मन स्त्रीच्या बाबतीत शेवटच्या दोन खुंट्या शेजारी-शेजारी येतात. देवाची लेक म्हणून तिचे मोल अढळ आहे, असे तिचा धर्म सांगतो. पण मंदिरात जायचे तर आचरणाबद्दल मुलाखत द्यावी लागते, ती पात्रता. या दोहोंची गल्लत होते, हे चर्चच्या नेत्यांनाही ठाऊक आहे. २०१७ मध्ये जॉय जोन्स यांनी महिलांच्या सभेत हे दोन शब्द मुद्दाम वेगळे करून सांगितले. गल्लत झाली की दया हीसुद्धा परीक्षा बनते: बाळंतिणीच्या घरी जेवण पोहोचवले नाही, म्हणजे मीच कमी पडले.

मॉर्मनांची महिला संघटना, रिलीफ सोसायटी, १८४२ साली इलिनॉयमधल्या नावू गावी सुरू झाली, एमा स्मिथ यांच्या अध्यक्षतेखाली. नेमून दिलेल्या भगिनींना दरमहा भेटायचे आणि भेटींचा आकडा कळवायचा, अशी तिथली रीत पुढे अनेक वर्षे चालली. क्रॉकर आणि एमी कॅनव्हेलो यांनी २००८ मध्ये महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींवर अभ्यास केला. समोरच्याचे भले व्हावे म्हणून मदत करणाऱ्यांना आधार अधिक मिळाला. स्वतःची प्रतिमा जपण्याच्या धडपडीने तो फायदा पुसला जाई. त्याच सुमारास भेटींच्या त्या आकड्याकडे कुणी या नजरेने पाहिले असेल का, असे मला राहून राहून वाटते. एप्रिल २०१८ मध्ये चर्चने भेटी मोजणे बंद केले. आता भेटी देणाऱ्या भगिनी निदान तीन महिन्यांतून एकदा संघटनेच्या प्रमुखांशी बसून बोलतात, आणि बोलणे असते ते त्या घराला सध्या काय हवे आहे याबद्दल.